चव्वेचाळीसशे वेढे

१९४५च्या सप्टेंबरात महायुद्ध नुकतंच संपलं होतं. लंडनमध्ये लोणी, साखर, कापड सगळं अजून रेशनवरच होतं. त्याच महिन्यात हॅरल्ड लीक नावाच्या कारखानदाराने आपल्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल एक आकडा जाहीर केला आणि त्याचंच नाव यंत्राला दिलं: ‘पॉइंट वन’. म्हणजे विकृती ०.१ टक्का. एक शुद्ध स्वर आत सोडला, तर बाहेर येताना त्याला दुप्पट-तिप्पट कंपनांचे जे उपरे स्वर चिकटतात, त्यांचं हे प्रमाण. त्या काळी एक-दोन टक्के विकृतीचा अ‍ॅम्प्लिफायर उत्तम समजत. लीक एका उडीत दहा-वीस पट पुढे गेला होता.

त्याची कंपनी १९३४ सालची. युद्धाआधी ती सभा-समारंभांसाठी ध्वनिक्षेपणाची यंत्रं बनवायची. आपल्याकडे गणपतीच्या मांडवात भोंग्यांना जोडलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या यंत्राचं रूप सांगावं लागणार नाही. पत्र्याच्या चेसिसवर उभे काचेचे व्हॉल्व्ह, बाजूला जड लोखंडी ठोकळे, आणि बटण दाबल्यावर थोड्या वेळाने फुटणारा आवाज. ते ठोकळे म्हणजे ट्रान्सफॉर्मर. त्यातला एक वीजपुरवठ्याचा आणि दुसरा आउटपुटचा. पुढची सगळी हकिगत या दुसऱ्या ठोकळ्याभोवती फिरते.

व्हॉल्व्हमधली वीज उंच टाकीतून पडणाऱ्या बारीक धारेसारखी असते. दाब तीन-चारशे व्होल्टचा, प्रवाह मात्र अगदी थोडा. लाउडस्पीकरला हवा असतो शेतातल्या पाटासारखा संथ, रुंद प्रवाह. हा बदल घडवतो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वाइंडिंग असतात, एक व्हॉल्व्हच्या बाजूचं आणि एक स्पीकरच्या. काम साधं वाटतं, पण संगीतात खर्जापासून टिपेपर्यंत सगळं असतं आणि खरी अडचण तिथे आहे. खर्ज नीट यायला भरपूर लोखंड आणि हजारो वेढे लागतात. वेढे वाढवले की थरांमधली विद्युतधारकता वाढते, दोन वाइंडिंगमधली चुंबकीय गळती वाढते, आणि टिपेचे स्वर मावळतात. एक बाजू सावरावी तर दुसरी सुटते.

विकृती कमी करण्याचा उपाय अठरा वर्षांपूर्वीच सापडला होता. २ ऑगस्ट १९२७ रोजी बेल लॅबोरेटरीजचा तरुण इंजिनियर हॅरल्ड ब्लॅक कामावर जाताना हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत बसला होता. तिथे त्याला निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना सुचली. हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्याने ती आकृती आणि समीकरणांसह उतरवली. अ‍ॅम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत द्यायचा. त्यामुळे यंत्राने स्वतः केलेली चूक यंत्रच खोडून काढतं. ब्लॅकला हे टेलिफोनच्या लांब पल्ल्याच्या तारांसाठी हवं होतं. संगीताच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मात्र आउटपुट ट्रान्सफॉर्मर आडवा येई. फीडबॅकचा खरा फायदा हवा असेल तर ट्रान्सफॉर्मरलाही त्या वर्तुळात घ्यावं लागतं. ट्रान्सफॉर्मर सामान्य असेल तर टिपेच्या पलीकडे सिग्नल उशिरा परततो, खोडायला आलेली दुरुस्ती चुकीतच भर घालते, आणि अ‍ॅम्प्लिफायर आपोआप कंप पावू लागतो. म्हणून जेवढा चांगला ट्रान्सफॉर्मर, तेवढा जास्त फीडबॅक आणि तेवढी कमी विकृती. लीकच्या ०.१ टक्क्यामागचं गणित हेच होतं.

एवढ्या शुद्धतेची गरज तरी कुणाला होती? १९४५पर्यंत फारशी कुणाला नव्हती. घरोघरच्या तबकड्यांमधून टिपेचे स्वर येतच नसत, मग अ‍ॅम्प्लिफायर कितीही निर्मळ असला तरी देणार काय? ही परिस्थिती युद्धाने बदलली. पाण्याखालच्या पाणबुड्यांच्या आवाजांतला बारीक फरक हवाईदलाच्या माणसांना ओळखता यावा, यासाठी डेक्का कंपनीच्या आर्थर हॅडी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रणाचा पल्ला खूप वर नेला. युद्ध संपताच तेच तंत्र ‘एफएफआरआर’ या नावाने संगीताच्या तबकड्यांवर आलं. १९४६च्या सप्टेंबरात बीबीसीने थर्ड प्रोग्रॅम सुरू केला, आणि गंभीर संगीत ऐकणाऱ्यांना रोज संध्याकाळी हक्काची जागा मिळाली. तबकडीत आता झांजेची किणकिण होती, व्हायोलिनच्या गजाची खरखर होती. घरातलं यंत्र ती गिळून टाकत होतं.

लीकच्या पहिल्या ‘पॉइंट वन’मध्ये एकात एक गुंफलेली फीडबॅकची तीन वर्तुळं होती. १९४८मध्ये त्याने आराखडा सोपा करून टीएल/१२ काढला, बारा वॅटचा. त्याच्या आत डोकावलं की कारागिरी म्हणजे काय ते कळतं. टॅगबोर्डवर रेझिस्टर आणि कपॅसिटर शिस्तीत रांगेने मांडलेले, तारा काटकोनात वळवलेल्या, प्रत्येक सोल्डरचा थेंब गुळगुळीत. दुरुस्तीला बसलेल्या माणसाला कुठेही बोट घालायला जागा मिळते. यंत्र बंद पडणार आणि कुणीतरी ते उघडणार, याचा विचार बनवतानाच केलेला होता. बीबीसीनेही लीकचे अ‍ॅम्प्लिफायर आपल्या कामासाठी घेतले, आणि जाहिरातीची उत्तम जाण असलेल्या लीकने ही गोष्ट जगाला कळेल याची काळजी घेतली.

त्याआधीच, १९४७च्या एप्रिल आणि मे महिन्यांत, ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात एक लेख दोन भागांत आला. लेखक डी. टी. एन. विल्यमसन, वय २४. एडिंबराचा हा मुलगा युद्धाच्या काळात लंडनच्या एम-ओ व्हॉल्व्ह कंपनीत नोकरीला होता. केटी६६ हा व्हॉल्व्ह याच कंपनीचा. त्याचा पुरेपूर उपयोग करणारा अ‍ॅम्प्लिफायर विल्यमसनने १९४४मध्येच आखला होता. लेख छापून आला तेव्हा तो ही कंपनी सोडून फेरांटी कंपनीत गेला होता. लेखात सर्किटचा नकाशा होता, प्रत्येक भागाचं मूल्य होतं, मोजमापांचे आलेख होते. १५ वॅट, विकृती ०.१ टक्का. लीकने विकायला ठेवलेली गुणवत्ता या पोराने मासिकाच्या किमतीत वाटून टाकली.

त्या लेखातली मला सगळ्यात थोर वाटणारी जागा म्हणजे ट्रान्सफॉर्मर कसा गुंडाळायचा याची कृती. गाभ्यासाठी दोन सारखी बॉबिनं घ्यायची. प्रत्येक बॉबिनवर प्राथमिक वाइंडिंगचे पाच भाग, प्रत्येक भाग ४४० वेढ्यांचा. हे ४४० वेढेही पाच थरांत, दर थराला ८८. तार ३० गेजची, इनॅमल दिलेली, आणि दोन थरांमध्ये जेमतेम ०.०५ मिलिमीटर जाडीचा कागद. या पाच भागांच्या मधल्या चार फटींत स्पीकरच्या बाजूचं वाइंडिंग, दर भागात ८४ वेढे, तार २२ गेजची. प्रत्येक भागानंतर एम्पायर टेपचे तीन पदर. दोन्ही बॉबिनं मिळून प्राथमिक बाजूचे ४,४०० वेढे. दोन वाइंडिंग अशी एकमेकांत पानोपानी घातली की गळती घटते, आणि टिपेचे स्वर निसटत नाहीत. एखादा थर सैल पडला, कागद कडेला दुमडला, शेवटच्या वेढ्याची तार घसरून खालच्या थरात गेली, तर सगळं पुन्हा उलगडायचं. ज्यांनी पंख्याची किंवा मोटारीची वाइंडिंग होताना पाहिली आहे, त्यांना या कामाचा अंदाज येईल. पण मोटारीत दहा-वीस वेढे कमीजास्त झाले तर चालून जातं. इथे दोन बॉबिनं एकमेकांना तंतोतंत जुळावी लागतात, कारण दोन केटी६६ आवाजाचा एकेक अर्धा भाग उचलतात आणि हे दोन अर्धे त्या ठोकळ्यात एक होतात.

तो लेख वाचून इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत माणसं घरच्या टेबलावर विल्यमसन बांधायला बसली. अनेकांनी सैन्याचं मोडीत निघालेलं सामान वापरलं. व्हॉल्व्ह मिळत, रेझिस्टर मिळत. अडायचं ते ट्रान्सफॉर्मरपाशी. लंडनच्या पार्ट्रिज कंपनीने याच कृतीवरून तयार ट्रान्सफॉर्मर विकायला काढला, आणि पार्ट्रिजचा ठोकळा बसवलेला विल्यमसन ही हौशी लोकांत मानाची गोष्ट झाली. स्वस्त ठोकळा बसवलेली यंत्रं, सर्किट तेच असूनही, मध्येच घुमत, मध्येच चिरकत. एकच नकाशा, एकच व्हॉल्व्ह, तरी फळ वेगळं. ज्याला हा फरक समजला, त्याला पुढच्या वीस वर्षांची चढाओढ समजली. विल्यमसनने स्वतः मात्र या आराखड्यावर कारखाना काढला नाही. तो फेरांटीत ग्रामोफोनच्या पिकअपवर आणि नंतर आकड्यांच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रहत्यारांवर काम करत राहिला, आणि त्या कामासाठी रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

लंडनपासून शंभरेक किलोमीटरवरच्या हंटिंग्डन या गावात पीटर वॉकरचा कारखाना होता. वॉकर १९१६चा. विशीत त्याने लंडनमध्ये धंदा सुरू केला, बॉम्बहल्ल्यांत जागा गेली, आणि १९४१मध्ये त्याने ‘अकूस्टिकल’ कंपनी हंटिंग्डनला हलवली. या माणसाचा स्वभाव लीकच्या अगदी उलट. मोठे आकडे सांगण्यात त्याला रस नव्हता. चांगला अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे मोठा झालेला सिग्नल देणारी सरळ तार, त्यात यंत्राची चव मिसळता कामा नये, हे त्याचं म्हणणं. आणि ते साधायला सर्किटमध्ये जितक्या वस्तू कमी तितकं बरं.

१९५३मध्ये त्याने क्वाड-टू काढला. सगळे मिळून पाच व्हॉल्व्ह: सुरुवातीला दोन ईएफ८६, पुढे दोन केटी६६, आणि वीजपुरवठ्यासाठी एक जीझेड३२. रेझिस्टर-कपॅसिटरही अगदी मोजके. पहिल्यांदा नकाशा पाहणाऱ्याला वाटावं की काहीतरी छापायचं राहिलं आहे. वॉकरने अवघड काम ट्रान्सफॉर्मरच्या पोटात नेलं होतं. प्राथमिक वाइंडिंगचा थोडा भाग त्याने व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोड या टोकाकडून काढून कॅथोड या दुसऱ्या टोकाच्या वाटेवर बसवला. त्यामुळे आउटपुटचे व्हॉल्व्ह स्वतःची चूक जागच्या जागी सावरू लागले, आणि बाहेरून मोठा फीडबॅक देऊन करायचं काम हलकं झालं. या ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी हंटिंग्डनच्या कारखान्यातच होई. नकाशा कुणीही उतरवून घेऊ शकत होतं, पण आतले भाग कोणत्या क्रमाने एकावर एक बसवले आहेत, हे डांबराने भरलेल्या त्या ठोकळ्याकडे बघून कळत नसे.

अटलांटिकच्या पलीकडे याच सुमारास फ्रँक मॅकिंटॉश दुसऱ्या टोकाकडून याच ठोकळ्यापाशी आला होता. तो वॉशिंग्टनमध्ये रेडिओ केंद्रांचा सल्लागार. त्याला ५० वॅटचा निर्मळ अ‍ॅम्प्लिफायर हवा होता आणि बाजारात तो मिळेना. दोन व्हॉल्व्हकडून एवढी ताकद काढायची तर त्यांनी आळीपाळीने काम करावं लागतं: एक थांबतो, दुसरा उचलतो. प्राथमिक वाइंडिंगचे दोन अर्धे एकमेकांपासून दूर असतील, तर ही अदलाबदल होताना आवाजाच्या लाटेला खाच पडते. मॅकिंटॉश आणि त्याचा सहकारी गॉर्डन गाउ यांनी ते दोन अर्धे दूर ठेवलेच नाहीत. दोन तारा शेजारी धरून एकाच वेळी, एकाच बॉबिनवर, जोडीने गुंडाळायच्या. निम्मं वाइंडिंग अ‍ॅनोडला, तेवढंच कॅथोडला. १९४९मध्ये या रचनेचं पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी कंपनी उभी राहिली. १९५१मध्ये ती न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला गेली.

कागदावर हे सोपं, हातावर जिवावरचं. शेजारी-शेजारी चिकटून जाणाऱ्या दोन तारांमध्ये पुरवठ्याचे पूर्ण चारशेच्या घरातले व्होल्ट, आणि मध्ये फक्त इनॅमलचा पातळ लेप. हजारो वेढ्यांत कुठेही एक ओरखडा पडला तर ट्रान्सफॉर्मर जळणार. म्हणून मॅकिंटॉशने हे काम बाहेर दिलं नाही. तारेचा ताण, गुंडाळण्याचा वेग, वार्निश मुरवणं, सगळं स्वतःच्या छपराखाली ठेवलं. आजही ही कंपनी आपले ट्रान्सफॉर्मर बिंगहॅम्टनलाच गुंडाळते.

अमेरिकेतच १९५१च्या नोव्हेंबरात डेव्हिड हॅफ्लर आणि हर्बर्ट केरोस यांनी ‘अल्ट्रालिनियर’ जोडणी मांडली. व्हॉल्व्हच्या आतली स्क्रीन-ग्रिड नावाची जाळी ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगवर मध्येच एका ठिकाणी जोडायची, म्हणजे पेंटोड प्रकारच्या व्हॉल्व्हची ताकद आणि ट्रायोड प्रकारच्या व्हॉल्व्हची शुद्धता यांचा मेळ बसतो. या युक्तीचं मूळ ब्रिटनच्या अ‍ॅलन ब्लुमलाइनच्या १९३०च्या दशकातल्या पेटंटात होतं, पण ती घराघरांत नेली हॅफ्लरने. त्याचा स्वतःचा धंदा तेव्हा ट्रान्सफॉर्मरचाच होता, हे लक्षात घेतलं म्हणजे संशोधनाची दिशा कळते. पुढे त्याने डायनाको ही कंपनी काढली आणि सुटे भाग खोक्यात घालून विकले. घरी बसून जोडायचा त्याचा स्टिरिओ ७० हा अ‍ॅम्प्लिफायर १९५९ पासून अफाट खपला.

अमेरिकेतून येणारे हे दावे ब्रिटनमध्ये वाचले जात होते. सप्टेंबर १९५२च्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये त्यांची उलटतपासणी करणारा लेख आला. त्याखाली नावं दोन: विल्यमसन आणि वॉकर. ज्याने आपला आराखडा सगळ्यांना देऊन टाकला तो, आणि ज्याचं पोट अ‍ॅम्प्लिफायर विकण्यावर होतं तो, असे दोघे एकत्र बसले आणि मॅकिंटॉशची जोडणी, अल्ट्रालिनियर आणि वॉकरची कॅथोड-वाइंडिंगची रचना शेजारी ठेवून तपासली. भार अ‍ॅनोड आणि कॅथोडमध्ये वाटून घेण्याची कल्पना ब्रिटनला नवी नव्हती, हेही त्यांनी नोंदवलं. या लेखातला सभ्यपणा मला फार मोलाचा वाटतो. प्रतिस्पर्ध्याचं सर्किट समजून घेऊन, गणिताने पारखून, त्यातलं चांगलं ते चांगलं म्हणण्याची रीत त्यात आहे. नावाजलेल्या कंपन्यांच्या भांडणात ती क्वचित सापडते.

अ‍ॅम्प्लिफायरची खरी परीक्षा मात्र कागदावर होत नाही. १ नोव्हेंबर १९५४च्या रात्री लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ती जाहीरपणे झाली. यॉर्कशायरचा गिल्बर्ट ब्रिग्ज हा वॉर्फडेल लाउडस्पीकरचा मालक. त्याने आख्खं सभागृह भाड्याने घेतलं, तिकिटं लावली, आणि मंचावर एकीकडे वादक, दुसरीकडे आपले स्पीकर मांडले. अ‍ॅम्प्लिफायर क्वाडचे, आणि ते चालवायला खुद्द वॉकर. वादकाचं प्रत्यक्ष वादन ऐकायचं, मग त्याच वादनाची मुद्रणं ऐकायची, आणि श्रोत्यांनीच ठरवायचं. सुमारे तीन हजार खुर्च्यांचं सभागृह भरून गेलं. आज अशा सभागृहात हजारो वॅट लावतात. तिथे १५-१५ वॅटचे मोजके अ‍ॅम्प्लिफायर होते. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात ब्रिग्ज हाच प्रयोग घेऊन न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गेला. लोक पैसे देऊन दोन यंत्रं आणि एक पियानो यांची तुलना ऐकायला आले, यावरून त्या दशकातल्या उत्साहाची कल्पना यावी.

न्यूयॉर्कमध्ये मॅकिंटॉशला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी तोवर उभा राहिला होता. सॉल मॅरंट्झ धंद्याने ग्राफिक डिझायनर, क्यू गार्डन्समध्ये राहणारा, संगीताचा वेडा. त्या वेळी प्रत्येक ध्वनिमुद्रिका कंपनी खर्ज आणि टीप आपापल्या हिशेबाने कमीजास्त करून मुद्रण करी, आणि घरी ऐकताना तो हिशेब उलटा फिरवावा लागे. मॅरंट्झने प्रत्येक कंपनीच्या तबकडीसाठी वेगळी सोय असलेला प्रीअ‍ॅम्प्लिफायर स्वतःसाठी बनवला. ओळखीच्यांनी तो मागितला, आणि त्यातून ‘ऑडिओ कॉन्सोलेट’ व त्यामागोमाग कंपनी जन्माला आली. इंजिनियर सिडनी स्मिथ येऊन मिळाला तेव्हा डिझायनरच्या नजरेला सर्किटची बुद्धी मिळाली. १९५६चा मॉडेल टू हा ईएल३४ व्हॉल्व्हचा ४० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर, आणि १९६०चा मॉडेल नाइन ७० वॅटचा, चार ईएल३४चा. मॉडेल नाइनच्या सोनेरी दर्शनी पट्टीत एक गोल मीटर आहे. त्यावर एकेका व्हॉल्व्हचा प्रवाह पाहून घरच्या माणसाला तो स्वतः नेमका करता येतो. व्हॉल्व्ह जुना होत जातो, त्याची नाडी कुणीतरी पाहायला हवी, आणि ते काम मालकालाच जमेल इतकं सोपं करायचं, हा विचार त्यामागे होता.

दोघांचा मार्ग वेगळा. मॅरंट्झची मदार अल्ट्रालिनियर जोडणी, भरपूर फीडबॅक आणि तो पेलण्याजोगा ट्रान्सफॉर्मर यांवर. मॅकिंटॉशची मदार जोडतारेच्या गुंडाळीवर. १९६१मध्ये मॅकिंटॉशने एमसी२७५ आणला: चकचकीत क्रोमच्या चेसिसवर चार केटी८८, दर बाजूला ७५ वॅट, वजन तिसेक किलो. ते वजन मुख्यतः मागच्या तीन ठोकळ्यांचं. केटी८८ पुन्हा त्याच एम-ओ व्हॉल्व्ह कंपनीचा, जिथे विल्यमसनने आपला अ‍ॅम्प्लिफायर आखला होता. एमसी२७५ आणि मॉडेल नाइन यांतलं थोर कोणतं, हा वाद जपानपासून जर्मनीपर्यंतच्या शौकिनांत अजून चालू आहे. माझा कौल एमसी२७५ला, आणि तो आवाजापेक्षा त्या गुंडाळीच्या धैर्यासाठी आहे.

१९६२मध्ये मॅकिंटॉशने एक अनोखी गोष्ट सुरू केली: अ‍ॅम्प्लिफायर क्लिनिक. कंपनीचा डेव्ह ओब्रायन मोजमापाची उपकरणं घेऊन गावोगावच्या दुकानांत जाई. कुणीही आपला अ‍ॅम्प्लिफायर उचलून आणावा, कोणत्याही कंपनीचा, आणि फुकट तपासून घ्यावा. विकृती मोजून त्याचा आलेख हातात मिळे. मॅरंट्झचा मालक, डायनाको घरी जोडणारा विद्यार्थी, स्वतः विल्यमसन बांधलेला निवृत्त माणूस, सगळे एका रांगेत. हे दौरे १९९१पर्यंत चालले. विक्रीची युक्ती त्यात होतीच, पण आपला माल प्रतिस्पर्ध्याच्या मालाशेजारी ग्राहकासमोर मोजायला ठेवण्याची हिंमत ज्याला आपल्या गुंडाळीची खात्री असते त्यालाच होते.

१९५८मध्ये स्टिरिओ तबकड्या आल्या, घरात एकाऐवजी दोन अ‍ॅम्प्लिफायर लागू लागले, आणि उष्णता, वजन, खर्च सगळं दुप्पट झालं. लीकने एकाच चेसिसवर दहा-दहा वॅटचा स्टिरिओ २० बसवला. वॉकरने क्वाड-टूला हात लावला नाही. दोन घ्या म्हणाला, आणि त्यांच्यासाठी नवा प्रीअ‍ॅम्प्लिफायर दिला. तेवढ्यात ट्रान्झिस्टर दारात उभा राहिला. त्याला ना मोठा दाब लागे, ना आउटपुट ट्रान्सफॉर्मर. तो थेट स्पीकरला जोडता येई. सगळ्या धंद्याची कारागिरी ज्या ठोकळ्यात साठली होती, तोच अनावश्यक झाला.

लीकने आधी उडी घेतली. १९६३चा त्याचा स्टिरिओ ३० हा ब्रिटनमधल्या पहिल्या ट्रान्झिस्टर हायफाय अ‍ॅम्प्लिफायरांपैकी. वॉकर मात्र थांबला. भरवशाचे सिलिकॉन ट्रान्झिस्टर हातात येईपर्यंत तो क्वाड-टूच बनवत राहिला, आणि १९६७मध्ये त्याने क्वाड ३०३ काढला. मॅरंट्झ कंपनी टेन-बी नावाच्या एका रेडिओ ट्यूनरपायी खंगली. लहरी दाखवणारी ऑसिलोस्कोपची छोटी नळी त्यात बसवली होती, आणि ते यंत्र पूर्णत्वाला नेण्यात इतका पैसा गेला की १९६४मध्ये सॉल मॅरंट्झला कंपनी सुपरस्कोप या दुसऱ्या कंपनीला विकावी लागली. जानेवारी १९६९मध्ये हॅरल्ड लीकनेही आपली कंपनी रँक ऑर्गनायझेशनला दिली. मॅकिंटॉशने १९६७मध्ये पहिला ट्रान्झिस्टरचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर केला तेव्हा सगळ्यांनी टाकून दिलेला ठोकळा आत ठेवलाच. ट्रान्झिस्टर आणि स्पीकर यांच्यामध्ये त्यांनी स्वतः गुंडाळलेला ऑटोट्रान्सफॉर्मर बसवला, म्हणजे कोणताही स्पीकर जोडला तरी ट्रान्झिस्टरवर भार सारखाच राहील. १९९३मध्ये त्यांनी दिवंगत गॉर्डन गाउच्या स्मरणार्थ एमसी२७५ पुन्हा काढला आणि तो आजही बनतो. केटी८८ मात्र आता रशिया, चीन, स्लोव्हाकियातून येतात, कारण एम-ओ व्हॉल्व्ह १९८८मध्ये बंद पडली.

लीक आणि क्वाड ही दोन्ही नावं आता एकाच मालकाकडे आहेत. आयएजी या समूहाने ब्रिग्जच्या वॉर्फडेलसकट ती घेतली, आणि त्यांचा कारखाना चीनमध्ये आहे. तिथे क्वाड-टूची नवी आवृत्तीही तयार झाली. जुन्या यंत्रांचा बाजार वेगळाच आहे, आणि तिथे दुरुस्ती करणारे एक ठरलेला क्रम पाळतात. जुना क्वाड-टू टेबलावर आला की तो लगेच विजेला जोडत नाहीत. आधी तळ उघडून दोन्ही केटी६६मध्ये सामाईक असलेला १८० ओहमचा रेझिस्टर बघतात. तो सदैव तापलेला असतो, आणि तो बिघडला तर व्हॉल्व्हमधून बेसुमार प्रवाह वाहून ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मग मीटर लावून प्राथमिक वाइंडिंगचे दोन्ही अर्धे मोजतात. व्हॉल्व्ह नवे मिळतात, कपॅसिटर नवे मिळतात. आकडे जुळले तर यंत्राची किंमत ठरवायला बसतात. एक अर्धा तुटलेला निघाला, तर दुसऱ्या मेलेल्या क्वाड-टूचा जिवंत ठोकळा शोधायला लागतात.